कुरुदच्या काकींचा किराया

ती घटना आजही आठवते, असं निवृत्त पोलिसाने लिहिलं की वाचणारा सरसावून बसतो. आता खून होणार, आता दरोडा पडणार. या प्रकरणात रक्ताचा थेंब सांडला नाही आणि कोर्टाची पायरीही कोणी चढलं नाही. तरी माझ्या सगळ्या नोकरीत सर्वांत कडू प्रकरण कोणतं, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगतो. नावं कोणाचीच लिहीत नाही. ज्यांना स्वतःला ओळखायचं ते ओळखतील आणि गप्प बसतील. गप्प बसण्यात ती मंडळी तरबेज आहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

भिलाईतल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. कुरुद आमच्या हद्दीत यायचं. एके काळी तिथे धानाची शेतं होती, मग प्लॉट पडले, आणि बघता बघता तीन-तीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. भिलाईत किरायाने घर मिळत नाही असं नाही. रंगवलेलं, टाइल्स लावलेलं, पाहिजे तेवढं घर मिळतं. खरी मारामारी पुढे असते. पहिलं वर्ष गोडीगुलाबीत जातं, दुसऱ्या वर्षी मालक किराया वाढवतो, तिसऱ्या वर्षी असा वाढवतो की माणूस आपणहून गाठोडं बांधतो. स्टील प्लान्टच्या क्वार्टरमध्ये उमर काढलेली माणसं निवृत्त होऊन या बाजारात उतरतात तेव्हा त्यांचे डोळे पांढरे होतात. म्हणून ज्या घराचा किराया बेताने वाढतो अशा घराचा पत्ता लोक सख्ख्या भावालाही सांगत नाहीत.

कुरुदमध्ये तशी एक इमारत होती. मालकीण विधवा, विदर्भातल्या शेतकरी घरातली. नवरा प्लान्टमध्ये होता. निवृत्तीचा सगळा पैसा त्याने या तीन मजल्यांत घातला आणि वास्तुशांतीनंतर थोड्याच दिवसांत तो गेला. खालच्या घरात बाई एकटी राहायची, वर पाच किरायेदार. कोणी छत्तीसगढी, कोणी बिहारी, कोणी ओडिया, पण सगळे तिला काकी म्हणत. मीही इथे काकीच म्हणतो.

काकींची किराया वाढवायची रीत वेगळी होती. अक्षय्य तृतीयेला छत्तीसगढात अक्ती म्हणतात. खेड्यात त्या दिवशी सालदार गड्याशी वर्षाची बोली होते, सगळी तोंडी. काकींनी तीच रीत शहरातल्या इमारतीत आणली होती. अक्तीला अंगणात चटया पडायच्या, पन्हं व्हायचं, आणि एकेका घराने आपलं साल कसं गेलं ते सांगायचं. कोणाच्या पोराची फी, रसमड्याच्या कारखान्यात कोणाचा ओव्हरटाइम बंद झाला, कोणाचं ऑपरेशन. सगळं ऐकून काकी वाढ सांगायच्या. वाढ व्हायची, पण भाजीत मीठ कमी पडलं तर घालावं तेवढी. करार नाही, कागद नाही. त्या इमारतीत घर रिकामं झालं तर बातमी बाहेर फुटायच्या आत कोणातरी किरायेदाराचा साडू तिथे राहायला आलेला असायचा. माझ्या ठाण्यातल्या एका शिपायाने तिथे घर मिळावं म्हणून काय काय केलं, पण त्याची डाळ शिजली नाही.

अशा या इमारतीतून एका सकाळी काकींचा मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. हैदराबादला नोकरी, अंगावर प्रवासातले चुरगळलेले कपडे.

"सर, आई गायब आहे. फोन बंद येऊन राहिला. घराला कुलूप आहे आणि किरायेदार लोक सरासर झूठ बोलून राहिले."

"काय म्हणतात ते?"

"म्हणतात रामटेकला बहिणीकडे गेली. सर, मावशीशी मी बोललो. तिच्याकडे आई गेलीच नाही. ये लोग उसको मार भी सकते हैं, सर. मकान के लिए."

मी बेपत्ता माणसाची नोंद करायला सांगितली. आमच्याकडे त्याला 'गुम इंसान कायम करणं' म्हणतात. नोंद होईपर्यंत त्याच्याशी बोलत राहिलो. ठाण्यात आलेल्या माणसाला चहा द्यावा आणि बोलू द्यावं. चहा संपेपर्यंत तो न विचारलेलंच जास्त सांगतो. यानेही सांगितलं. तो आईला न्यायला आला होता. इमारतीसाठी एक बिल्डर तयार होता, व्यवहार जवळजवळ ठरला होता, फक्त आईची सही राहिली होती. आईचा विषय निघाला की त्याचा आवाज चढायचा आणि मकानाचा निघाला की खाली यायचा. मला तो माणूस आवडला नाही. पण न आवडणं हा पुरावा नसतो.

हवालदाराला आणि एका महिला शिपायाला घेऊन मी कुरुदला गेलो. पंचांसमोर कुलूप तोडलं. घर नीटनेटकं, झटापटीची एकही खूण नाही. देवापुढे वाळलेली फुलं. औषधाची पेटी जागेवर नव्हती, म्हणजे बाई बेताने बाहेर पडली होती किंवा नेणाऱ्याने बेत करून नेलं होतं. मोबाइलचं शेवटचं लोकेशन याच इमारतीचं होतं. फोन इथेच बंद केला गेला होता.

मग एकेका किरायेदाराला वेगळं बसवून विचारलं. पाचही घरांनी एकच वाक्य सांगितलं. काकी रामटेकला बहिणीकडे गेल्या, बहिणीची तब्येत बरी नव्हती. बिहारी माणसाने तेच सांगितलं, ओडिया माणसाने तेच, शब्दांचा क्रमही तोच. खरी गोष्ट पाच माणसं पाच तऱ्हेने सांगतात, त्यात भांडतात, एकमेकांना खोडतात. इतकी एकी फक्त पाठ केलेल्या गोष्टीत असते. वरच्या मजल्यावर एक मास्तर राहत होता, कोचिंग क्लासात गणित शिकवायचा आणि इमारतीचा पुढारी होता. त्याने तर काकींना गाडीत खिडकीची जागा मिळाली होती हेही न विचारता सांगून टाकलं. मी मान डोलावली आणि निघालो. खोटं बोलणाऱ्याला लगेच पकडू नये. त्याला वाटू द्यावं की जमलं.

हवालदार माझा जुना, कुरुदची गल्ली न गल्ली त्याला पाठ. दोन दिवसांनी तो आला तो हसतच.

"साहेब, चक्कीवाला एक मजेदार गोष्ट सांगत होता. त्या इमारतीतल्या फिटरची बायको ज्वारी दळायला घेऊन आली होती."

त्याला त्यात नुसती मजा वाटली होती. मी मात्र खुर्चीतून उठलो. मी इथल्याच क्वार्टरमध्ये वाढलेला विदर्भातला माणूस. भात खाणाऱ्या या मुलखात ज्वारीसाठी माझ्या आईने काय वणवण केली ते मला माहीत आहे. आमची ज्वारी गावाहून यायची आणि शेजारचे विचारायचे, हे पाखरांसाठी आहे का? पहिल्या मजल्यावरचा फिटर अस्सल छत्तीसगढी, दोन्ही वेळा भात खाणारा. त्याच्या घरी ज्वारीचं काय काम?

दुपारी आम्ही त्यांच्या दारात उभे राहिलो. नवरा ड्यूटीवर होता, बायको एकटी. ज्वारीचं विचारताच ती म्हणाली, "गाय बर ए, साहेब." म्हणजे गाईसाठी.

"गाय कुठं आहे?"

पहिल्या मजल्यावर गाय असायला ती काय पोपट आहे? तिने लगेच शब्द फिरवला. म्हणाली, आम्हीच खातो, डॉक्टरने सांगितलंय. मी महिला शिपायाला आत पाठवलं आणि म्हटलं, "छान. मग एक भाकर करून दाखव. मलाही पुष्कळ दिवसांत मिळाली नाही."

चौकशीच्या पुस्तकात अशी पद्धत नाही, आणि मी ती पुन्हा कधी वापरली नाही. पण त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. बिचारीने परात घेतली. गार पाण्यात पीठ भिजवलं. मग पोळपाट-लाटणं काढलं आणि ज्वारीचं पीठ लाटायला घेतलं. लाटणं फिरलं की कडा फाटायच्या, उचललं की तुकडे पडायचे. ती गोळा करायची, पुन्हा लाटायची. तिसऱ्या वेळी लाटणं तसंच ठेवून ती खाली बसली आणि पदर तोंडावर घेऊन रडायला लागली.

"हमन काकी ला जबरदस्ती नइ लेगे हन, साहेब," ती म्हणाली. आम्ही काकीला बळजबरीने नेलं नाही. "ओला भात नइ पचय." तिला भात पचत नाही, म्हणून पीठ दळून पाठवत होते.

इथे मला त्या बाईबद्दल पहिल्यांदा वाईट वाटलं. सगळ्या इमारतीच्या कटात पिठाची काळजी करणारी ती एकटी होती आणि तिच्यामुळेच कट फुटला.

मास्तरला ठाण्यात आणलं तेव्हा तो थोडा वेळ तोऱ्यात होता. ज्वारीचं नाव काढताच खाली उतरला. त्याने दिलेलं बयान असं: मुलगा इमारत विकायला येणार हे काकींनीच सांगितलं. त्याला तोंडावर नाही म्हणणं काकींना जड जात होतं. चार दिवस कुठेतरी जाते, तो परत गेला की येते, असं त्याच म्हणाल्या. मास्तरची बहीण जवळच जामुलला राहत होती. काकींना तिथे ठेवलं.

"पण मुलगा गेला नाही," मी म्हटलं. "तो ठाण्यात आला. मग काकींना परत का आणलं नाही?"

तो बोटं मोडत राहिला.

"त्या परत जाते म्हणत होत्या का?"

"म्हणत होत्या. सर, पोरगा समोर आला की त्या विरघळल्या असत्या. सही केली असती. आम्ही पाच घरं कुठं गेलो असतो? या किरायात आज कुरुदमध्ये गॅरेज मिळत नाही."

"मग कसं थांबवलं?"

"सांगितलं की मुलगा तुम्हाला आश्रमात टाकणार आहे, त्याने जागा पाहून ठेवली आहे." मग मान खाली घालून म्हणाला, "थाप होती, सर. मैंने बनाया था."

जामुलला बहिणीच्या घरी गेलो तर मागच्या खोलीला बाहेरून कडी. आत पलंगावर काकी बसलेल्या. अंगाने किरकोळ, केस घट्ट बांधलेले. दार उघडल्यावर त्यांनी आधी माझ्या वर्दीकडे आणि मग त्या कडीकडे पाहिलं.

"तुमी मराठी आहा का?"

"होय, काकी."

"मंग बरं झालं. मी सवताहून आलो होतो, साहेब. पण मी जातो म्हटलं तं हे म्हणत, आज नाही, उद्या. फोन मांगितला तं म्हणत, चार्जिंगले लावला आहे. असी कोणती चार्जिंग असते?"

बेपत्ता माणूस सापडला की दस्तयाबी पंचनामा करावा लागतो. तो तिथेच केला आणि काकींना ठाण्यात आणलं. मुलगा धावत आला, पाया पडला, रडला. ते रडणं खरं होतं, हे मला मान्य करावंच लागेल. लगेच माझ्याकडे वळून म्हणाला, अपहरणाचा गुन्हा दाखल करा, सगळ्यांना आत टाका. तोवर पाचही घरची माणसं जमली होती. फिटर ड्यूटीवरून तसाच आला होता, बायको त्याच्या मागे. सज्ञान बाईचं बयान महत्त्वाचं. ती म्हणेल तसं होणार. मी काकींना माझ्या समोरच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काकी, तुमची तक्रार कोणावर आहे?"

त्यांनी मला हाताने थांबवलं. मुलाकडे वळल्या.

"मले हैदराबादले नेशील तं कुठं ठेवशील?"

"आई, हे काय इथं विचारून राहिली? घरी बोलू."

"घर तं तू विकून राहिला. इथंच सांग."

मुलगा माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, आमचा फ्लॅट लहान आहे, तुला माहीत आहे. जवळच एक चांगली जागा पाहिली आहे मी. तुझ्या उमरची माणसं असतात. डॉक्टर असतो. आम्ही दर रविवारी येऊ."

मास्तरने झटकन मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर मला चक्क सुटकेचा आनंद दिसला. आपली थाप खरी निघाली, आता काकी आपल्याच, असं त्याला वाटलं असावं. त्या क्षणी त्याच्या कानशिलात द्यावी असं मला फार वाटलं.

 काकींनी लुगड्याचा काठ सारखा केला. मग किरायेदारांकडे वळल्या.

"आता तुमी सांगा. हे घर मी याले देऊन टाकतो. विकू द्या त्याले. तुमी दुसरीकडं किरायानं जासान, मी तुमच्यासंग येतो. एक कोपरा पाह्यजे. पोटापुरतं माह्यापाशी आहे, कोणाले भार नाही. कोण नेते मले?"

 बाहेर कोणीतरी मोटरसायकलला किक मारत होतं. ओडिया माणूस जमिनीकडे बघत होता. बिहारी बाई मुलाला कडेवर घेऊन सारखं करत होती. फिटरच्या बायकोने तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, ती बोलणार होती. पण नवऱ्याने तिचा कोपर धरला, आणि ती तशीच राहिली. मी त्यालाही दोष देत नाही. दोन खोल्यांत पाच माणसं होती ती.

शेवटी मास्तर म्हणाला, "काकी, ऐसी बात क्यों करती हो? घर हम बिकने ही नहीं देंगे."

"म्हंजे घर असंन तं काकी," त्या म्हणाल्या.

मास्तर एक पाऊल मागे सरकला. 

मग काकींनी बयान दिलं. स्वखुशीने गेले, कोणावर तक्रार नाही, आपल्या घरी परत जायचं आहे. कडीबद्दल मी मुद्दाम दोनदा विचारलं. तो गुन्हा होता, आणि मास्तरला इंगा दाखवायची माझी फार इच्छा होती. "लिहून काय होते, साहेब," म्हणाल्या. "कडी तं त्याहिनं आता लावली. मलेच आधी दिसाले पाह्यजे होती." सही करून उठल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "घर मी विकत नाही. आणि पुढच्या महिन्यापासून किराया बाजारभावानं. ज्याले परवडंन त्यानं राहावं."

"काकी, अक्ती तर अजून..." बिहारी माणूस म्हणायला गेला.

"अक्ती झाली," काकी म्हणाल्या.

मुलगा दुसऱ्याच दिवशी हैदराबादला निघून गेला. आमच्या दफ्तरात प्रकरण बंद झालं: महिला सुखरूप दस्तयाब. वरच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्या 'सुखरूप' शब्दाची मला आजही लाज वाटते. बाईचं काय सुखरूप राहिलं होतं ते मला कोणी दाखवावं.

पुढे काय झालं तेही सांगतो, कारण अशा गोष्टीत न्याय झाला असं वाचणाऱ्याला वाटतं. मास्तरला काही फरक पडला नाही. त्याचा क्लास जोरात चालत होता, तो याहून मोठ्या घरात गेला. ओझ्याखाली आला तो फिटर. नवा किराया त्याला झेपला नाही. रसमड्याकडे पत्र्याच्या खोलीत गेला, पोरांची शाळा बदलली. जिने पीठ दळून पाठवलं, जी बोलणार होती, किंमत तिने मोजली. अपहरणाला कलम आहे, डांबून ठेवण्याला आहे, फसवणुकीला आहे. एखाद्याच्या चांगुलपणाचा सगळ्यांनी मिळून फडशा पाडावा, याला कलम नाही. नोकरीत आधी मला वाटायचं की लोक वाईट असतात म्हणून पोलीस लागतात. त्या दिवशी कळलं की गरज असली की चांगली माणसंही तेच करतात, आणि तिथे पोलिसाच्या हातात फक्त पंचनामा असतो.

यंदा माझ्यावरच घर शोधायची वेळ आली. निवृत्तीनंतर सरकारी निवासस्थान सुटलं, साठवलेलं सगळं मुलाच्या शिक्षणात आधीच गेलं होतं, स्वतःचं घर झालं नाही. बायको म्हणाली, कुरुदकडे बघा. दलालांनी हिंडवलं, मालकांनी आधी आडनाव विचारलं आणि मग दरवर्षीची वाढ सांगितली. एका दलालाने ज्या इमारतीसमोर गाडी थांबवली ती मी लांबूनच ओळखली. फाटकावर कॅमेरा लागला होता. काकी खुर्चीवर बसल्या होत्या, फार वाकल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"साहेब ना तुमी? बसा."

पाणी दिलं. घर दाखवायला माणूस पाठवला. अकरा महिन्यांचा करार, वाढ करारातच लिहिलेली, आणि ती वाढ सगळ्या कुरुदमध्ये सर्वांत जास्त होती. मी हसत हसत म्हटलं, "काकी, आपल्या माणसाला थोडं कमी करा की."

त्या हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाल्या, "केलं होतं ना कमी, साहेब. मंग माहे आपले माणसं कोण, ते तुमच्याच ठाण्यात पाहून आलो मी."

घर हवेशीर होतं, बायकोला पसंतही पडलं असतं. मी दलालाला म्हटलं, दुसरं दाखव. त्या बाईच्या घरात राहून रोज सकाळी तिला काकी म्हणण्याइतकी जाड कातडी एवढ्या वर्षांच्या नोकरीनेही मला दिलेली नाही.